साइटवरच्या संवादासाठी इमारतीचे डिजिटल मॉडेल: ते फोरमनपर्यंत पोहोचवायचे कसे?

साइट_फोंडा (प्रश्न)

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील एका पाच मजली रुग्णालयाच्या बांधकामावर साइट अभियंता आहे. वास्तुरचना, संरचना, प्लंबिंग, वातानुकूलन, वीज आणि अग्निशमन या सर्वांचे एकत्र त्रिमितीय मॉडेल आमच्या प्रकल्पात पहिल्या दिवसापासून तयार होत आहे. अशा मॉडेलला ‘बीआयएम’ (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेल) म्हणतात, पण येथे मी नुसते ‘मॉडेल’ म्हणेन, कारण साइटवर ‘बिम’ म्हटले की समोरचा माणूस वर स्लॅबच्या बीमकडे बघतो. दर पंधरवड्याला समन्वय बैठक होते, मोठ्या पडद्यावर मॉडेल फिरवले जाते, कोणती नळी कोणत्या बीमला धडकते आणि कोणता केबल ट्रे डक्टच्या आड येतो हे सापडते आणि ते दुरुस्तही होते. एवढे सगळे असताना आमच्याकडून एक चूक झाली. ती सविस्तर मांडतो, म्हणजे माझा प्रश्न स्पष्ट होईल.

स्वच्छतागृहाची ११० मिमी व्यासाची सांडपाण्याची नळी दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबखालून, ग्रिड सी (ड्रॉइंगवरील कॉलमच्या संदर्भरेषांपैकी एक) वरील बीममधून आरपार जाणार होती आणि त्यासाठी काँक्रीट ओतण्यापूर्वी १६० मिमीची स्लीव्ह, म्हणजे भोक राखणारा नळीचा तुकडा, ठेवायची होती. तिची मूळ जागा कॉलमच्या फार जवळ होती, म्हणून संरचना सल्लागारांनी ती ४५० मिमी आत सरकवायला सांगितले. बैठकीत आम्ही सर्वांनी ती पडद्यावर सरकलेली पाहिली आणि त्याच आठवड्यात मॉडेलमध्ये बदलही झाला. ड्रॉइंगची नवी आवृत्ती मात्र स्लॅबच्या दिवसापर्यंत साइटवर आलीच नाही आणि फोरमननी स्लीव्ह जुन्या जागी बसवली. शटरिंग (काँक्रीटचा साचा) उतरल्यावर हे माझ्या लक्षात आले. मी विचारले तेव्हा त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेले ड्रॉइंग काढून उलगडले. घामाने आणि पावसाने ते इतके मऊ पडले होते की घडीवरचा कागद नेमका ग्रिड सी च्या रेषेवर विरून गेला होता. तरीही त्यांनी आकडा बरोबर वाचला होता आणि माप बरोबर घेतले होते. चूक त्यांची नव्हती. ज्या बैठकीत जागा बदलली, त्या बैठकीला त्यांना बोलवावे हे मलाच सुचले नव्हते.

सल्लागारांनी त्या बीममध्ये नव्याने कोअर कटिंग (यंत्राने गोल भोक पाडणे) करायला परवानगी दिली नाही. चुकीची स्लीव्ह न आकसणाऱ्या ग्राउटने भरून घेतली, नळी बीमच्या खालून नेली आणि मार्गिकेचे फॉल्स सीलिंग १५० मिमी खाली आणावे लागले. रुग्णालयाच्या मार्गिकेत ही उंची कायमची गेली याचे मला वाईट वाटते.

फोरमन आणि फिटर यांच्या हातात टॅबलेट देऊन मॉडेल दाखवले, तर एवढ्याने काम भागते का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. साइटवरचे खरे बोलणे व्हॉट्सअॅपच्या गटात होते, तेव्हा तो गट बंद करावा का, हेही मला ठरवायचे आहे. आणि मॉडेल व ड्रॉइंग यांत फरक दिसला, तर साइटवरच्या माणसाने कशावर विश्वास ठेवावा? ज्यांनी प्रत्यक्ष असे काम केले आहे, त्यांच्या उत्तरांची वाट पाहतो.

समन्वयक_पर्वरी

आपली अडचण मी चांगली ओळखतो, कारण समन्वय बैठकीत मॉडेल फिरवणारा माणूस बहुतेक वेळा मीच असतो. पडद्यावर एखादी गोष्ट सरकलेली दिसली की खोलीतल्या सगळ्यांना वाटते काम झाले, आणि इतिवृत्तात ‘ग्रिड सी वरील स्लीव्ह सरकवणे’ एवढी एक ओळ उरते. कोणती स्लीव्ह, किती, कोणी आणि कधीपर्यंत हे त्या ओळीत नसते. ती ओळ मॉडेलमधल्या त्या वस्तूला जोडलेलीही नसते, त्यामुळे महिनाभराने ती वाचणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून शोध घ्यावा लागतो.

यासाठी बीसीएफ (बीआयएम कोलॅबोरेशन फॉरमॅट) नावाचे एक खुले स्वरूप आहे. टेक्ला आणि सोलिब्री या कंपन्यांनी त्याची सुरुवात केली आणि आता बिल्डिंगस्मार्ट ही संस्था ते सांभाळते. त्यात संपूर्ण मॉडेल पाठवले जात नाही. प्रश्न, त्यावरची उत्तरे, कॅमेरा कुठे उभा राहून काय बघत होता ती दृश्यजागा, एक चित्र आणि ज्या वस्तूंबद्दल बोलणे चालू आहे त्यांचे ओळखक्रमांक एवढेच जाते. वास्तुविशारद एक सॉफ्टवेअर वापरत असतील आणि संरचना सल्लागार दुसरे, तरी दोघांनाही तो प्रश्न उघडताच नेमकी तीच स्लीव्ह समोर दिसते. मॉडेलची देवाणघेवाण आयएफसी (इंडस्ट्री फाउंडेशन क्लासेस) या खुल्या स्वरूपात होते, जे आयएसओ १६७३९ या मानकात नोंदलेले आहे, आणि त्यात प्रत्येक वस्तूला २२ अक्षरांचा एक स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. आयएफसी उघडून पाहण्यासाठी मोफत व्ह्यूअर मिळतात, त्यामुळे साइटवर महागडे सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही.

हे सगळे वापरत असूनही आपल्यासारखी चूक होऊ शकते, कारण ती प्रश्न ‘बंद’ कधी म्हणायचा या ठिकाणी झाली आहे. मॉडेलमध्ये बदल झाला की मॉडेल करणारा प्रश्न बंद करतो. त्याच्या दृष्टीने त्याचे काम संपलेले असते, पण साइटच्या दृष्टीने अजून काहीच झालेले नसते. आमच्या प्रकल्पांत मी आता तीन टप्पे ठेवतो: मॉडेल बदलले, सुधारित ड्रॉइंग निघाले आणि ते साइटवर पोहोचून जुने परत घेतले. तिसरा टप्पा झाल्याशिवाय प्रश्न बंद होत नाही आणि तो बंद करण्याचा अधिकार ज्याने प्रश्न उपस्थित केला त्यालाच असतो. दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःच बंद करायचा नाही, हा नियम आम्ही काटेकोरपणे पाळतो.

व्हॉट्सअॅपचा गट बंद करू नये, असे मला वाटते. फिटरला काही अडले तर तो फोटो काढून तिथेच टाकणार, आणि त्याने तसेच करावे. त्याला त्या क्षणी दुसरे काही शिकवत बसणे योग्य नाही. आपण फक्त एवढे ठरवा की जागा, माप किंवा साहित्य बदलणारे उत्तर गटात द्यायचे नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक टाकायचा आणि उत्तर त्या प्रश्नावर लिहायचे. ‘ठीक आहे, करा’ हे गटातले तीन शब्द नंतर कोणालाच सापडत नाहीत.

एक बारीक गोष्ट आधीच तपासून घ्या. सर्व सल्लागारांची मॉडेले एकाच सामायिक आरंभबिंदूवर आहेत ना? तो वेगळा असेल, तर एकाचे मॉडेल दुसऱ्याच्या बाजूला जाऊन उभे राहते आणि धडक शोधण्याला काहीच अर्थ उरत नाही.

डिचोली_फोरमन

मी २६ वर्षे फोरमन म्हणून काम करतो आहे, त्यांपैकी गेली काही वर्षे मॉडेल असलेल्या साइटवर. साइट_फोंडा यांनी आपल्या फोरमनला दोष दिला नाही, हे वाचून बरे वाटले.

टॅबलेटबद्दल माझा अनुभव सांगतो. एप्रिलच्या उन्हात स्लॅबवर उभे राहिल्यावर पडद्यावर काही दिसत नाही, आपलाच चेहरा दिसतो. पावसाळ्यात ओले बोट लागत नाही आणि सिमेंटच्या हाताने कोणी त्याला हात लावायला धजत नाही. त्यामुळे टॅबलेट साइट ऑफिसात किंवा जिन्याखालच्या सावलीत ठेवावा, त्यावर पाहावे, बोलावे आणि स्लॅबवर कागद न्यावा. तो कागद मात्र मोठ्या ड्रॉइंगची घडी नसावी. आज ज्या एका गाळ्यात काम आहे, तेवढाच भाग मॉडेलमधून कापून, त्यात आजच्या कामाच्याच वस्तू ठेवून, ए-३ आकारात छापावा आणि प्लास्टिकच्या पाकिटात घालावा. कागदावर तारीख आणि आवृत्ती मोठ्या अक्षरांत असावी. संध्याकाळी तो परत घ्यावा, म्हणजे खिशात जुना कागद राहतच नाही.

मापांबद्दल मॉडेल करणाऱ्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. आपण मापे ग्रिडच्या रेषेपासून देता. कॉलम भरल्यावर ती रेषा काँक्रीटच्या आत जाते आणि आम्हाला फक्त कॉलमची कड दिसते. मग प्रत्येक माणूस मनातल्या मनात अर्ध्या कॉलमची जाडी वजा करतो, आणि कॉलम ग्रिडवर मध्यावर नसेल तर ती वजाबाकी चुकते. साइटसाठी कापलेल्या कागदावर माप कॉलमच्या कडेपासून आणि शटरिंगच्या तळापासूनच द्यावे. संगणकावर हे काम थोड्या वेळाचे आहे, आमच्याकडे त्याने पूर्ण दिवस वाचतो.

दुसरी गोष्ट भाषेची आहे. माझ्या टोळीत झारखंडचे, बंगालचे आणि उत्तर कर्नाटकातले लोक आहेत. काहींना मराठी बोललेले समजते, वाचता येत नाही, आणि इंग्रजी तर नाहीच. त्यांच्यासमोर प्लॅन आणि सेक्शन ठेवला तर ते मान हलवतात, पण ती मान समजल्याची असते की आदराची, हे कळत नाही. त्रिमितीय चित्र दाखवले की ते स्वतः बोलू लागतात. एका साइटवर मॉडेलमध्ये सळयाही काढलेल्या होत्या. मी बार बेंडरला, म्हणजे सळया वाकवून बांधणाऱ्याला, टॅबलेट हातात दिला आणि मीच फिरवून दाखवण्याऐवजी त्याला फिरवू दिला. त्याने एका कॉलमच्या डोक्यावरचा जोड मोठा करून पाहिला आणि बोट ठेवून म्हणाला की दोन्ही दिशांच्या बीमच्या वरच्या २५ मिमीच्या सळया इथे एकाच पातळीत आहेत, त्या एकमेकींतून कशा जातील? कार्यालयात तेच मॉडेल कितीतरी जणांनी पाहिले होते. सल्लागारांनी एका दिशेच्या सळया एक थर खाली घेतल्या आणि रिंगांची (सळयांभोवतीच्या कड्यांची) उंचीही त्याप्रमाणे बदलली. हा प्रश्न स्लॅबच्या दिवशी निघाला असता, तर आम्ही सळया हातोडीने वाकवून बसवल्या असत्या आणि कोणाला कळलेही नसते.

म्हणून मी सांगेन की मॉडेल दाखवताना ‘समजले का?’ असे विचारू नका. ‘सुरुवात कुठून करशील?’ असे विचारा. मॉडेल पूर्ण झालेली इमारत दाखवते आणि आम्हाला ती एकावर एक रचायची असते. बीमचा तळ, खालच्या सळया, रिंगा, स्लीव्ह, वरच्या सळया या क्रमात स्लीव्ह कोणत्या वेळी घालायची हे फिटरने स्वतःच्या तोंडाने सांगितले, की तो पुढे चुकत नाही.

संरचना_मडगाव

प्रश्नातील तिसऱ्या भागावर मी लिहितो, कारण सही माझ्यासारख्यांची असते.

मॉडेल आणि ड्रॉइंग यांत फरक दिसला, तर साइटवरच्या माणसाने दोहोंपैकी एक निवडू नये. त्याने काम थांबवून विचारावे. कंत्राटात जो दस्तऐवज बंधनकारक म्हटला आहे तोच चालतो आणि बहुतेक ठिकाणी ते आजही बांधकामासाठी निर्गमित केलेले, सहीचे ड्रॉइंगच असते. २०१८ साली आलेल्या आयएसओ १९६५० मानकाच्या पहिल्या दोन भागांत माहितीच्या अवस्था वेगळ्या केल्या आहेत: काम चालू असलेली, इतरांना पाहण्यासाठी दिलेली, वापरासाठी प्रकाशित केलेली आणि संग्रहात ठेवलेली. आपल्या बैठकीत सर्वांनी पाहिलेली स्लीव्ह दुसऱ्या अवस्थेत होती आणि बांधकाम तिसऱ्या अवस्थेतील माहितीवरच होते. हा फरक बैठकीला बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असला पाहिजे आणि पडद्यावर उघडलेल्या मॉडेलवर ती अवस्था ठळक दिसली पाहिजे.

मॉडेलवरून हवे ते माप घेण्याची सवयही धोक्याची आहे. प्रत्येक वस्तू किती तपशिलात काढायची, हे आधी ठरलेले असते. एखादी नळी केवळ तिची जागा राखण्यासाठी काढलेली असेल, तर तिच्यापासून काढलेले माप संगणक मिलिमीटरपर्यंत दाखवील, पण त्यामागे कोणाचा निर्णय नसेल. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंतसुद्धा मॉडेलमध्ये अगदी सरळ असते आणि आपल्याकडचा चिरा तसा नसतो, हे गोव्यात काम करणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

कोअर कटिंगला सल्लागारांनी नकार दिला, तो योग्यच होता. आधाराजवळ बीममध्ये कातर बल जास्त असते आणि तिथेच रिंगा दाट असतात. कोअर मारताना एखादी रिंग कापली गेली, की ती परत जोडता येत नाही. शिवाय आपण किनाऱ्याच्या प्रदेशात आहोत. आयएस ४५६:२००० प्रमाणे किनारी वातावरणास उघडे असलेले काँक्रीट ‘तीव्र’ वर्गात मोडते आणि त्यासाठी सळयांवर ४५ मिमी काँक्रीटचे आवरण व किमान एम ३० दर्जाचे (ताकदीची श्रेणी) काँक्रीट लागते. खाऱ्या हवेत उघडी पडलेली सळई किती लवकर फुगते आणि काँक्रीट कसे सोडवते, हे जुन्या इमारतींच्या गॅलऱ्यांत पाहायला मिळते.

माझी सूचना एकच आहे. काँक्रीट ओतण्याआधी जे पोअर कार्ड भरले जाते, त्यात ‘या ओतकामाशी संबंधित उघडे प्रश्न’ अशी ओळ घाला. तिथे शून्य असल्याशिवाय मी सही करत नाही. समन्वयक_पर्वरी यांनी सांगितलेले तीन टप्पे या ओळीला जोडले, तर मॉडेलमधला प्रश्न आणि काँक्रीटची गाडी यांचा प्रत्यक्ष संबंध तयार होतो.

साइट_फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. सुमारे दीड महिन्याने परत लिहीत आहे, कारण तिसऱ्या मजल्याचा स्लॅब होईपर्यंत थांबावे असे ठरवले होते. स्लॅब चतुर्थीच्या आधी उरकायचा होता, कारण आमचे स्थानिक प्लंबर आणि वायरमन त्या आठवड्यात घरी असतात. घाई होती, तरी वरील बहुतेक गोष्टी करता आल्या.

आता समन्वय बैठक दोन भागांत होते. पहिला भाग पूर्वीसारखाच आहे. दुसरा भाग साइट ऑफिसात होतो, जेमतेम वीस मिनिटांचा, आणि त्याला फोरमन, बार बेंडर आणि प्लंबर असतात. पहिल्याच बैठकीत मी प्लंबरना टॅबलेट दिला आणि सुरुवात कुठून करणार असे विचारले. ते बराच वेळ नळी बाजूने पाहत राहिले आणि म्हणाले, ‘हिला उतार कुठे आहे?’ मॉडेलमध्ये नळी एका पातळीत, आडवी काढलेली होती. पहिल्या आणि शेवटच्या बीममध्ये ७.२ मीटर अंतर आहे आणि ६० ला १ असा उतार धरला, तर शेवटची स्लीव्ह १२० मिमी खाली हवी. दुसऱ्या मजल्यावर नळी बीमखालून टांगून नेल्यामुळे हा प्रश्न समोर आलाच नव्हता. सल्लागारांनी सगळा फरक एकाच बीममध्ये न घेता पहिली स्लीव्ह मध्यापासून ६० मिमी वर आणि शेवटची ६० मिमी खाली घेतली, म्हणजे दोन्ही ठिकाणी भोक बीमच्या मध्याजवळच राहिले. ६०० मिमी खोलीच्या बीममध्ये ते बसले. सुधारित ड्रॉइंग स्लॅबच्या चार दिवस आधी हातात होते.

ए-३ कागदावर कॉलमच्या कडेपासून मापे देण्याची पद्धत लगेच रुजली. जुने कागद संध्याकाळी परत घेणे मात्र अजून जमलेले नाही. पहिल्या आठवड्यात अकरा दिले आणि सहा परत आले. आता फोरमननी स्वतःच पद्धत काढली आहे: कालचा कागद दिल्याशिवाय आजचा मिळत नाही. पोअर कार्डावर उघड्या प्रश्नांची ओळ आली आहे आणि एकदा तिच्यामुळे ओतकाम अर्धा दिवस पुढे गेले. ठेकेदार नाराज झाले. तो प्रश्न एका अग्निशमन नळीच्या स्लीव्हचा होता आणि ती खरोखरच राहिली होती.

एक अडचण उरली आहे. उताराचा बदल केल्यानंतर जुन्या नोंदींपैकी काही प्रश्न उघडले की कोणतीच वस्तू निवडलेली दिसत नाही, फक्त मोकळी जागा दिसते. असे का होते?

समन्वयक_पर्वरी

मॉडेल करणाऱ्याने जुनी नळी खोडून नवी काढली असणार. नवी वस्तू म्हणजे नवा ओळखक्रमांक, आणि जुना प्रश्न जुन्याच क्रमांकाला बांधलेला राहतो. असलेल्याच नळीला उतार दिला असता, तर क्रमांक टिकला असता. त्यांना ‘खोडू नका, बदला’ एवढे लेखी कळवा. जे प्रश्न आधीच निराधार झाले आहेत, त्यांची दृश्यजागा अजून शाबूत आहे. त्या मोकळ्या जागेतच आता नवी नळी दिसत असेल. ती निवडा, त्याच प्रश्नाला पुन्हा जोडा आणि जोडल्याची तारीख खाली लिहा. चौथ्या मजल्याचे प्रश्न उघडण्यापूर्वी हे करून घ्या, कारण नंतर कोणती नळी कोणत्या प्रश्नाची हे आठवणीवरून ठरवावे लागेल.